पलीकडे माणूस नसेल तर मिनिट कापू नका: ट्रायला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
नवी दिल्ली

महोदय,

नागपूरच्या मेडिकल चौकाजवळ माझं मोबाइल रिचार्जचं छोटं दुकान आहे. १९९० च्या दशकात याच जागेत माझ्या वडिलांचा पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ बूथ होता. फोनची मिनिटं मोजायचं काम आमच्या घरात दोन पिढ्या चाललंय, म्हणून मिनिटांबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं मी धरून चालतो. मागणी एकच आहे. कॉल लावला, पलीकडे माणूस आलाच नाही आणि व्हॉइसमेलच्या, म्हणजे निरोप रेकॉर्ड करणाऱ्या, मशीननं फोन घेतला, तर त्या मशीनच्या बडबडीचे पैसे कॉल करणाऱ्याकडून घेऊ नयेत.

आपल्याकडे व्हॉइसमेल कोण वापरतं, असं आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल. इथं फार कोणी वापरत नाही हे खरं. पण ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना ते रोज भेटतं, आणि नागपुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. इथल्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेलं पोरगं अमेरिकेत, जावई दुबईला, आई-बाप मानेवाड्याला नाहीतर त्रिमूर्तीनगरात. अशा आई-बापांचे पैसे कटतात आणि ते माझ्या काउंटरवर येऊन विचारतात, कशाचे कटले?

हनुमाननगरातल्या एक काकू माझ्या जुन्या गिऱ्हाईक. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा डॅलसला. त्यानं पाठवलेला स्मार्टफोन कपाटात पडून आहे, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही काकूंना स्क्रीनवरचं नीट दिसत नाही आणि बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडतं. रविवारी भाची येते, ती व्हिडिओ कॉल लावून देते. एरवी काकूंचा आधार म्हणजे बटनाचा फोन. डॅलसचा नंबर त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. शेजारी माझ्या हातचं लिहिलेलं आहे: 'प्लससाठी शून्य दाबून धरायचं.' मी त्यांना ठरावीक मिनिटांचा आयएसडी, म्हणजे परदेशी कॉलचा, पॅक मारून देतो.

मे महिन्यात एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, काकू दुकानात आल्या. पॅक मारून चारच दिवस झाले होते.

"भाऊ, पोराशी माझं एकदाबी बोलणं झालं नाई अन् मिनिटं संपली म्हणते हा फोन. पाहून दे ना बापा."

मी फोन हातात घेतला. पॅक संपवणारे एकूण अकरा कॉल होते. सगळ्यात लांब बावन्न सेकंदांचा, सगळ्यात छोटा एकोणीस सेकंदांचा. प्रत्येकाला एक अख्खं मिनिट कटलं होतं. कॉल संपला की किती वेळ बोललात, किती कटलं याची सूचना ग्राहकाला मिळावी असा नियम आपणच केलाय, आणि ती येतेही. पण ती इंग्रजीत येते आणि कुठलंही बटन दाबलं की निघून जाते. काकू प्रत्येक वेळी लाल बटन दाबून ती घालवत होत्या.

मी माझ्या फोनवरून, स्पीकर लावून, तोच नंबर फिरवला. तिकडे सकाळचे साडेआठ, मुलगा गाडी चालवत असणार. सहा रिंग झाल्या. मग खट् असा बारीक आवाज आला आणि स्क्रीनवरचं घड्याळ शून्यापासून धावायला लागलं. बाईचा आवाज सुरू झाला. तिनं आधी मुलाचा सगळा नंबर एकेक आकडा करून वाचला, मग तो उपलब्ध नाही म्हणाली, मग बीपनंतर निरोप ठेवा, झाल्यावर फोन ठेवा किंवा आणखी पर्यायांसाठी अमुक बटन दाबा. बीप वाजला तेव्हा घड्याळात चोवीस सेकंद झाले होते. म्हणजे आपलं तोंड उघडायच्या आधीच जवळजवळ निम्मं मिनिट गेलेलं असतं, आणि मिनिटाचा पल्स असलेल्या, म्हणजे अपुरं मिनिटही पूर्ण धरणाऱ्या, पॅकमध्ये निम्मं गेलं की पूर्णच गेलं.

मी काकूंना विचारलं, बाई बोलायला लागल्यावर तुम्ही फोन ठेवत का नाही?

"काऊन ठेवू? ते बाई बोलून रायली होती ना. मले वाटे ऑपरेटर हाय, त्याले बोलवाले गेली असंल."

महोदय, मला या उत्तरावर हसू आलं नाही, कारण काकूंचं चुकलेलं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी फोन तसाच चालायचा. ऑपरेटरकडून लावून घ्यायचा बाहेरगावचा ट्रंक कॉल बुक करताना 'पीपी' सांगायची सोय होती, म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. ऑपरेटर पलीकडे विचारायची, अमुक गृहस्थ आहेत का? ते असले तरच बोलणं जोडलं जायचं. पीपीची थोडी जादा फी होती, पण हवा तो माणूस मिळाला नाही तर पूर्ण कॉलचे पैसे पडत नसत. लाइनीवरची बाई माणसाला बोलवायला गेलीय आणि तोवर आपण धरून थांबायचं, ही सवय टेलिफोन खात्यानंच या पिढीला लावली. आज त्याच सवयीचं मिनिट कटतं.

वडिलांच्या बूथमधला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पेशंट घेऊन आलेले लोक रात्री पाव दर सुरू होण्याची वाट पाहत बूथबाहेर बसायचे. गडचिरोली, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा. एका माणसानं मुंबईला भावाच्या ऑफिसात फोन लावला आणि पलीकडे फॅक्स मशीननं तो घेतला. कानात चीं-चीं आवाज, आणि समोर मीटरचे लाल आकडे पळायला लागले. माणूस घाबरून फोन कानाला लावून उभाच राहिला. बिलाची चिठ्ठी टरटरत बाहेर आली. वडिलांनी ती घेतली, पेनानं तिच्यावर काट मारली आणि म्हणाले, माणूस भेटला नाही, पैसे कसले? पुन्हा लाव. खात्याला त्या कॉलचे पैसे वडिलांना भरावेच लागले असणार. त्यांच्या मनात मात्र हिशेब साफ होता, बोलणं झालं तर पैसे.

हा हिशेब एकट्या माझ्या वडिलांचा नव्हता. आपल्या देशातला मिस्ड कॉल त्याच्यावरच उभा आहे. फोन उचलला नाही तर पैसे लागत नाहीत, एवढ्या एका भरवशावर लोकांनी एक अख्खी भाषा तयार केली. एक मिस कॉल म्हणजे पोचलो. दोन म्हणजे तू लाव. मेडिकलच्या गेटवर डबा घेऊन आलेला भाऊ वॉर्डातल्या बहिणीला आजही मिस कॉल देतो आणि ती खाली येते. व्हॉइसमेल या भाषेच्या मुळावर येतं, कारण तिथं न उचललेला कॉलही उचललेला ठरतो. मिस कॉल देणाऱ्याला वाटतं रिंग वाजून बंद होईल, आणि तिकडून मशीन 'हॅलो' म्हणून मीटर सुरू करतं.

आता थोडं यंत्रातलं. हे आपल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण पत्र खुलं असल्यामुळे सगळ्यांसाठी लिहितो. आपण कॉल करतो तेव्हा रिंग वाजत असताना पैसे लागत नाहीत. पलीकडे फोन उचलला की तिकडच्या नेटवर्ककडून 'आन्सर' असा सिग्नल येतो आणि त्या क्षणापासून मीटर चालू होतं. उचललं कोणी, माणसानं की मशीननं, हे त्या सिग्नलला कळत नाही. व्हॉइसमेल म्हणजे मुळात कॉल फॉरवर्डिंगच. ग्राहकानं उचललं नाही, फोन बंद असला किंवा लाइन बिझी असली की कॉल कंपनीच्या मशीनकडे वळतो, आणि मशीन लगेच आन्सर देतं.

पण दुसरीही एक मशीन आपण सगळे रोज ऐकतो. 'आपण संपर्क करू इच्छित असलेला ग्राहक सध्या नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.' मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, तीनदा ऐकलं तरी एक पैसा कटत नाही. कारण ही सूचना नेटवर्क आन्सर सिग्नल न देताच वाजवतं. आवाज पोचतो आणि मीटर बंद राहतं, हे जमतं, रोज कोट्यवधी वेळा जमतं. मग व्हॉइसमेलच्या बाईचं प्रास्ताविकसुद्धा तसंच वाजवावं आणि आन्सर सिग्नल बीपनंतर द्यावा. ज्याला निरोप ठेवायचाय तो बीपनंतर बोलेल आणि त्या बोलण्याचे पैसे आनंदानं देईल. ज्याला ठेवायचा नाही तो बीप ऐकून फोन ठेवून देईल, फुकट. नवं काही शोधून काढायची गरज नाही, मीटर कुठे सुरू करायचं ते फक्त सरकवायचंय.

भारतातल्या नेटवर्कपुरतं हे आपल्या एका आदेशानं होण्यासारखं आहे. आपण असे आदेश याआधी काढलेत आणि त्यांचा फायदा मी काउंटरवर बसून पाहिलाय. मोबाइल आला तेव्हा, १९९५ मध्ये, येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. लोक नंबर पाहून फोन कट करायचे आणि बूथवर येऊन परत लावायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा दर आणला तेव्हा माझ्या दुकानासमोर नवं सिम घ्यायला रांग होती, आणि पुढे २०१२ मध्ये प्रत्येक कंपनीनं सेकंदाचा पल्स असलेला निदान एक प्लॅन ठेवावा असं आपण सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक द्यायला आपण कंपन्यांना लावलं. बटनाचा फोन वापरणारी माझी निम्मी गिऱ्हाइकं आज त्यावर आहेत.

आणि माझ्या मुद्द्याच्या अगदी जवळचा आदेश म्हणजे २०१९ चा. कंपन्यांनी रिंगची वेळ कमी-जास्त करायला सुरुवात केली होती, कारण कॉल लावणाऱ्याची कंपनी उचलणाऱ्याच्या कंपनीला मिनिटाला सहा पैसे द्यायची, आणि रिंग लवकर तुटली की समोरचा उलट फोन करून ते पैसे आपल्या कंपनीवर घ्यायचा. तेव्हा आपण ठरवून दिलं की मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाइनवर ६० सेकंद रिंग वाजलीच पाहिजे. म्हणजे माणसाला फोनपर्यंत पोचायला किती वेळ द्यायचा हे आपण सेकंदात मोजून सांगितलं. तो पोचला नाही तर पुढे काय होणार, तेवढंच सांगायचं राहिलंय.

कंपन्यांचं उत्तर काय असेल ते मला माहीत आहे, कारण मी ते ऐकलंय. काकूंसाठी मी कस्टमर केअरला तक्रार नोंदवली, डॉकेट नंबर घेतला. उत्तर आलं, कॉल कनेक्ट झाला होता, पैसे नियमानं कटले. मग पन्नास रुपये भरून सगळ्या कॉलचं तपशीलवार बिल मागवलं. प्रीपेडवाल्यालाही ते मागता येतं हे आपल्या २०१२ च्या नियमांमुळे. ते घेऊन अपील केलं. तिथूनही तेच वाक्य. त्यांच्या दृष्टीनं ते खोटं बोलत नाहीत, आन्सर सिग्नल आला होता. म्हणूनच ही एका कंपनीची लबाडी आहे असं मी म्हणत नाही आणि नावही घेत नाही. कॉल 'झाला' कधी म्हणायचं, याची व्याख्याच मशीनच्या बाजूनं झुकलेली आहे.

दर ठरवायचं स्वातंत्र्य कंपन्यांना आहे, ट्राय त्यात हात घालत नाही, असंही सांगतील. मी दराबद्दल बोलतच नाहीये. मिनिटाला दोन रुपये घ्या की वीस घ्या, पाटीवर लिहा, परवडेल तो घेईल. मीटर कोणत्या क्षणी सुरू होतं एवढंच मला ठरवून हवंय. वजनकाट्याचा नियम भाजीच्या भावात ढवळाढवळ करत नाही. बाजारात संत्र्याचा भाव व्यापारी ठरवतो, पण किलो म्हणजे किती हे तो ठरवत नाही.

परदेशातल्या नेटवर्कला आपला आदेश लागू होत नाही, हे मला समजतं. डॅलसच्या कंपनीनं आन्सर पाठवला की आपल्या कंपनीलाही पुढे पैसे द्यावे लागतात. पण तिथं आपण एवढं तरी करू शकता: आयएसडी पॅकमध्ये मिनिट पूर्ण धरायची पद्धत बंद करून सेकंदानं मोजायला लावा. चोवीस सेकंदांना चोवीस सेकंदांचेच पैसे. अर्ध्याहून जास्त नुकसान तिथंच भरून निघेल. आणि परदेशी कॉलचे पहिले काही सेकंद, समजा तीस, माफ ठेवले तर काकू बीप ऐकून फोन ठेवायला शिकतील. शिकवायचं काम माझ्याकडे.

अमेरिकेतही लोक याला वैतागले होते. तिथं तर येणाऱ्या कॉलचीही मिनिटं मोजली जायची, आणि मिनिटांचा प्लॅन असेल तर स्वतःच्या फोनवरून स्वतःचं व्हॉइसमेल ऐकलं तरी मिनिटं जातात. म्हणजे निरोप ठेवणारा पैसे भरणार आणि तोच निरोप ऐकणाराही भरणार. २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे तंत्रज्ञानावर लिहिणारे डेव्हिड पोग यांनी बीपआधीच्या त्या पंधरा सेकंदांच्या सूचनांविरुद्ध मोहीमच उघडली होती. निरोप कसा ठेवायचा हे आता सगळ्या जगाला माहीत आहे, ही सूचना फक्त मिनिटं खाण्यासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या वाचकांनी कंपन्यांकडे तक्रारींचा ढीग लावला. आमचे लोक तक्रार करत नाहीत, कारण पैसे कशाचे गेले हेच त्यांना कळत नाही. आणि ज्या निरोपासाठी ते गेले, तोही कोणी ऐकत नाही. काकूंच्या मुलाला मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. तो म्हणाला, व्हॉइसमेल मी उघडतच नाही काका. मग त्यानं उघडलं. बरेच निरोप होते. बहुतेकांत नुसता पंख्याचा आवाज, एकात 'हॅलो... हॅलो... अरे बोल ना', आणि एकात शेजारणीला उद्देशून, 'थांब वं, बोलवाले गेली ते बाई.'

दुसरी तऱ्हा रोमिंगची, म्हणजे इथलं सिम परदेशात चालवण्याची, आणि ती जास्त महाग आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने न्यू जर्सीला गेले. बँकेचा ओटीपी यावा म्हणून इथलं पोस्टपेड सिम चालू ठेवलं. तिकडे ते एकही कॉल उचलत नव्हते, महाग पडतो म्हणून. परत आल्यावर बिल घेऊन माझ्याकडे आले. त्यात एकाच तारखेला, एकाच वेळेला, दोन-दोन ओळी होत्या. एक रोमिंगमधल्या इनकमिंगची. दुसरी न्यू जर्सीहून भारतात केलेल्या कॉलची, अशा नंबरावर जो मास्तरांनी आयुष्यात कधी लावला नव्हता. "हा कोणाचा नंबर आहे हो?" ते विचारत होते. तो त्यांच्याच कंपनीच्या मशीनचा होता.

झालेलं असं. इथल्या दुपारी कुठल्यातरी कर्ज विकणाऱ्याचा फोन यायचा. तिकडे मध्यरात्र. मास्तरांचा फोन चालू असल्यामुळे कॉल भारतातून अमेरिकेत जाऊन त्यांच्या उशाशी वाजायचा. ते झोपलेले. उचललं नाही म्हणून तिकडचं नेटवर्क तो कॉल फॉरवर्डच्या नियमानं परत भारतातल्या मशीनकडे पाठवायचं. एक कॉल समुद्र ओलांडून गेला आणि ओलांडून परत आला, दोन्ही प्रवासांचे पैसे झोपलेल्या माणसाच्या नावावर. फोन बंद ठेवला असता तर कॉल इथूनच वळला असता आणि काहीच लागलं नसतं. हा फरक मास्तरांना कोणी सांगायचा? रोमिंग पॅक विकताना सांगितला गेला नाही. मला स्वतःला तरी तो त्यांच्या बिलावरूनच कळला.

आता परदेशी निघालेलं कोणी सिमचं विचारायला आलं की मी फोन हातात घेतो आणि ##००२# डायल करतो. सगळी फॉरवर्डिंग एका झटक्यात निघते. आधी काय लावलेलं आहे ते पाहायचं असेल तर *#६१# आणि *#६२#. दहापैकी निम्म्या सिमांवर काही ना काही निघतंच, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. पण माझं दुकान मेडिकल चौकात आहे, विमानतळ वर्धा रोडवर. सगळेच लोक माझ्यावरून जात नाहीत. रोमिंग सुरू होताना कंपनीच्या सिस्टिमला त्या सिमवर फॉरवर्डिंग आहे की नाही हे दिसतं. तिनं ते आपणहून काढून टाकावं आणि मराठीत एक एसएमएस पाठवावा. ज्याला हवं तो परत लावून घेईल. एप्रिल २०२४ मध्ये फॉरवर्डिंगच्या आडून फसवणूक होते म्हणून दूरसंचार विभागानं *४०१# डायल करून फॉरवर्डिंग लावायची सोयच बंद करायला लावली होती. चोर पैसे नेत असेल तेव्हा एवढी जलद हालचाल होऊ शकते, तर नियमाच्या फटीतून पैसे जात असतानाही व्हायला हवी.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे मशीननं फोन घेणं कमी होणार नाही, वाढणार आहे. नव्या स्मार्टफोनमध्ये अनोळखी कॉल फोन स्वतःच उचलतो, 'कोण बोलतंय, काय काम आहे' असं विचारतो आणि उत्तर मालकाला लिहून दाखवतो. चांगली सोय आहे, स्पॅमला कंटाळलेल्या माणसाला हवीच. पण कॉल करणाऱ्याच्या बाजूनं तो उचललेला कॉल आहे. उद्या गडचिरोलीहून आलेला माणूस आपल्या साहेब झालेल्या भाच्याला टॉकटाइमच्या शेवटच्या पाच रुपयांत फोन लावेल, आणि ते पाच रुपये भाच्याच्या फोनला आपलं नाव सांगण्यात संपतील. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा व्याख्या आज करून ठेवणं सोपं.

कंपन्यांच्या आणि बँकांच्या 'मराठीसाठी दोन दाबा'बद्दल मी या पत्रात लिहिणार नव्हतो, तो वेगळा विषय आहे. एवढंच नोंदवतो की १८०० च्या नंबराचे पैसे समोरची संस्था भरते आणि १८६० चे कॉल करणारा, आणि हा फरक माझ्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या पाचांनाही माहीत नसतो. होल्डवरचं संगीत ऐकत ते स्वतःचे पैसे घालवतात. ज्या मुद्द्यासाठी लिहितोय त्याच्याच कुळातलं हे आहे.

मला कोणाची भरपाई नको. काकूंची अकरा मिनिटं मी माझ्याकडून पुन्हा मारून दिली आहेत, आणि मुलानंही आता त्याच्या कंपनीला सांगून व्हॉइसमेल काढून टाकलंय. त्यांच्यापुरता प्रश्न सुटला. पण गेल्याच आठवड्यात नंदनवनचे एक आजोबा असाच फोन घेऊन आले, त्यांची मुलगी टोरंटोला. त्यांनी तर त्या बाईला दोनदा 'ताई, जरा हळू बोला' म्हणून सांगितलं होतं.

आपण कुठलाही नियम करण्याआधी चर्चापत्र काढता, लोकांकडून मतं मागवता, हे मी पाहत आलोय. या विषयावरही ते काढा. त्यात कॉल कधी सुरू झाला असं मानायचं, हा पहिला प्रश्न ठेवा. आणि चर्चापत्र मराठीतही द्या, म्हणजे ज्यांचं मिनिट जातं त्यांनाही मत देता येईल. मी माझ्या काउंटरवर त्याच्या प्रती ठेवीन आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मत लिहून घेऊन पाठवीन.

सोबत काकूंच्या बिलाची झेरॉक्स जोडली आहे, नंबर खोडून. अकरा ओळींखाली लाल पेनानं रेघ मारलीय. काकूंना हे पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, दिल्लीवाले उत्तर पाठवतील तर फोनवर देतील का कागदावर? मी म्हटलं, कागदावर. त्या म्हणाल्या, मंग बरं हाय.

आपला विश्वासू,
मेडिकल चौकातला एक रिचार्ज दुकानदार,
नागपूर